अवधच्या अंगणातील ताम्रचूड

अमरकोशात कोंबड्याला चार नावे दिली आहेत: कृकवाकु, ताम्रचूड, कुक्कुट आणि चरणायुध. दोन नावे आवाजावरून पडलेली, एक तांबड्या तुऱ्यावरून आणि एक पायाच्या काट्यावरून. चारही नावे नरास शोभणारी आहेत. अंडी देणारी, ती उबवणारी, पिले पंखाखाली घेणारी जी मादी, तिच्या एखाद्या गुणावरून नाव ठेवावे असे मात्र कोशकारास वाटले नाही. तिला कुक्कुटी एवढेच म्हणायचे, म्हणजे कुक्कुटाची बायको.

हा एकट्या अमरसिंहाचा दोष नव्हे. आपल्या साऱ्या वाङ्मयात या पक्ष्याचा नरच तेवढा वावरतो. पाणिनीने स्वरांचे ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत असे तीन काल सांगताना 'उ'कार घेतला, तो कोंबड्याच्या आरवण्यात हे तिन्ही काल क्रमाने ऐकू येतात म्हणून, असे वैयाकरणांची परंपरा सांगते. कार्तिकेयाच्या ध्वजावर कोंबडा आहे. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिसंग्रहात शहाण्याने कोंबड्यापासून चार गोष्टी शिकाव्या असे म्हटले आहे: वेळेवर उठणे, झुंजणे, मिळालेले आप्तांत वाटणे आणि स्वतःच्या पराक्रमाचे खाणे. आपल्या मराठीतही कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. मात्र ज्या म्हातारीने तो झाकला, तिच्या डालग्याखाली त्याच्याबरोबर आणखी चार कोंबड्या असणार, आणि त्यांतली कोणती गरीब, कोणती आगाऊ, हे तिला नक्की ठाऊक असणार. ते ज्ञान म्हणीत आले नाही.

परसातल्या कोंबड्यांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. कोंबडी म्हणून सरसकट अशी काही वस्तू नसते. ही कोंबडी असते आणि ती कोंबडी असते. इतकी उघड गोष्ट लिखित इतिहासात कितपत उतरली आहे, आणि उतरली तर कोणाच्या हातून, याचा थोडा शोध येथे घ्यावयाचा आहे. आमचे वास्तव्य लखनौच्या उत्तर टोकाला, जानकीपुरमात. त्यामुळे हा शोध आम्ही मुख्यतः अवधच्या भूमीवरच घेणार आहोत. आणि त्यात फारशी अडचण येऊ नये, कारण या पक्ष्यावर अवधाइतके प्रेम क्वचितच कोणी केले असेल. ते प्रेम कसे होते, हा पुढचा प्रश्न.

प्रथम कुळाविषयी. घरगुती कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा होय, हे डार्विनने १८६८ सालच्या ग्रंथात मांडले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शेकडो पक्ष्यांच्या जनुकीय तुलनेवरून असे दिसते की आग्नेय आशियात, म्यानमार, उत्तर थायलंड आणि नैर्ऋत्य चीन या टापूत राहणाऱ्या त्याच्या एका पोटजातीपासून आजची कोंबडी निघाली. २०२२ सालच्या एका अभ्यासाने याला पुरातत्त्वाची जोड दिली. मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील उत्खननात मिळालेली हाडे इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातील असून घरगुती कोंबडीचा तो सर्वांत जुना खात्रीचा पुरावा मानला जातो. भाताची शेती सुरू झाली, दाण्यांच्या लोभाने रानपक्षी झाडावरून शेतात आणि शेतातून अंगणात आले. माणसाने त्यांना पकडून आणले असे म्हणण्यापेक्षा ते आपल्या पायांनी चालत आले असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

मराठी वाचकाला यात एक आपलेपणाचा धागा आहे. कोंबडीच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही, असे २००८ साली सिद्ध झाले. तो आला करड्या रानकोंबड्याकडून, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानात पहाटे ज्याची तुटक साद ऐकू येते त्याच्याकडून. जानकीपुरमाच्या कडेने जाणारा सीतापूर रस्ता पुढे लखीमपूर-खीरीकडे, दुधवाच्या तराईकडे नेतो. तेथे तांबडा रानकोंबडा आजही नांदतो. लखनौतल्या एखाद्या गल्लीत पिवळ्या पायांची कोंबडी उकिरडा उकरताना दिसली, तर तिच्या रक्तात पूर्वेचे रान आणि सह्याद्री यांची भेट झालेली असते. परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी लोकांना ही सोयरीक आवडली तर नवल नाही.

आता अवधाकडे वळू. प्राचीन कोसलाची राजधानी श्रावस्ती. तेथील जेतवनात बुद्धाने सांगितली असे मानली जाणारी अकालरावी जातकाची कथा मोठी मार्मिक आहे. काशीत एका आचार्याच्या शिष्यांजवळ एक कोंबडा होता. तो वेळेवर आरवे आणि शिष्य उठून अध्ययनाला लागत. तो मेला. दुसरा मिळाला, तो स्मशानात वाढलेला. त्याला वेळेचा पत्ता नव्हता. कधी मध्यरात्री आरवे, कधी दिवस वर आल्यावर. शिष्यांची झोपही गेली आणि पाठही बुडाला. शेवटी त्यांनी त्याची मान मुरगळली. आईबापांवाचून, गुरूवाचून वाढल्यामुळे त्याला काल-अकाल कळला नाही, असे कथेचे तात्पर्य. बोधाचा भाग सोडला तरी एक निरीक्षण उरते. दोन कोंबडे सारखे नसतात, आणि त्यांच्यातला फरक ते कोठे व कोणाच्या सहवासात वाढले यावरही अवलंबून असतो, हे कथा रचणाऱ्याने पाहिले होते. त्या दुसऱ्या कोंबड्याला कोणी चार दिवस समजून घेतले असते तर, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही.

दंडीच्या दशकुमारचरितात प्रमती श्रावस्तीच्या वाटेवर एका व्यापारी वस्तीत कोंबड्यांची झुंज पाहतो. नारिकेल आणि बलाका अशी कोंबड्यांच्या दोन जातींची नावे तो सहज घेतो आणि जोड बरोबर लावलेली नाही म्हणून हसतो. त्या हसण्यावरूनच शेजारचा वृद्ध ब्राह्मण ओळखतो की गडी जाणकार आहे, आणि दोघांची मैत्री जमते. कामसूत्राच्या चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे आणि लावे झुंजवण्याची विद्या आहेच. म्हणजे पुढे ज्याला लखनवी शौक म्हणून नावाजले गेले, त्याची मुळे नवाबीच्या एक हजार वर्षे आधी याच भूमीत रुजलेली होती.

या परंपरेच्या विरुद्ध उभी असलेली एक ओळ आहे ती अशोकाची. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी देऊन तो पुढे सांगतो की कोंबड्यांची खच्ची करू नये. अशोकाच्या आज्ञा धारण करणारा एक स्तंभ मूळचा कौशांबीचा. तो आज प्रयागच्या किल्ल्यात उभा आहे. खच्ची केलेला कोंबडा लठ्ठ होतो, मऊ होतो, आरवत नाही, भांडत नाही. खाणाऱ्याला तो सोयीचा, कारण त्याचा स्वभावच काढून घेतलेला असतो. सम्राटाने शिलेवर कोरण्याजोगी ही गोष्ट मानली, याचे महत्त्व पुढे पाहिलेल्या काही गोष्टींमुळे आम्हांला अधिक वाटू लागले.

अठराव्या शतकात आसफउद्दौलाने राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि मुर्गबाजीला दरबारी प्रतिष्ठा मिळाली. योहान झोफनी या चित्रकाराने १७८४ ते १७८६ या काळात रंगवलेले कर्नल मॉर्डंटच्या कोंबडझुंजीचे चित्र प्रसिद्ध आहे. वॉरन हेस्टिंग्ज याने ते काढवून घेतले. आता ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात नवाब आहेत, साहेब आहेत, क्लोद मार्तँ आहे, नोकरचाकर आणि कोंबडे धरून बसलेले लोक आहेत. त्या गर्दीत प्रत्येकाचा चेहरा निराळा आणि ओळखण्याजोगा. नवाबासाठी काढलेली दुसरी प्रत १८५७ च्या धामधुमीत नाहीशी झाली असे सांगतात.

या शौकाचे सर्वांत विश्वसनीय वर्णन अब्दुल हलीम शरर यांनी केले आहे. १९१३ पासून आपल्या 'दिलगुदाज़' मासिकात त्यांनी गतकालीन लखनौवर जी लेखमाला लिहिली, तीत मुर्गबाजीला स्वतंत्र जागा आहे. जनरल मार्तँ यात तरबेज होता आणि नवाब सआदत अली खान त्याच्याशी पैजा लावीत, असे ते सांगतात. झुंजीसाठी असील जातीचा कोंबडा लागे. असील म्हणजे अस्सल, कुलीन. खरा असील मरेल, पण पाठ दाखवणार नाही, ही त्याची ख्याती. झुंजीच्या मधल्या विसाव्याला 'पानी' म्हणत. त्या वेळी मालक रक्तबंबाळ पक्ष्याला पुसून, फुंकर घालून, तोंडाची ऊब देऊन पुन्हा उभा करी. एकेक झुंज कित्येक दिवस चाले.

शरर यांचे वर्णन वाचताना मन दुभंगते. कोणता पक्षी उतावळा, कोणता धीराचा, कोणता मार खाऊन चिडतो आणि कोणता मार खाऊन शहाणा होतो, याचे इतके बारीक ज्ञान त्या उस्तादांना होते की आजच्या पशुवैद्यालाही हेवा वाटावा. त्यांचा लळाही खोटा नव्हता. पक्ष्याच्या चोचीला आपले ओठ लावणारा माणूस ढोंगी नसतो. तथापि त्या साऱ्या ज्ञानाचा आणि लळ्याचा शेवट रक्तात होई. स्वभाव ओळखायचा तो पणाला लावण्यासाठी. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने करमणुकीसाठी प्राणी झुंजवणे गुन्हा ठरवले, आणि ते योग्यच झाले. त्या शौकाबरोबर ते ज्ञानही अस्तास गेले याची हळहळ आम्हांला वाटते; पण त्या ज्ञानाची किंमत कोणी चुकती केली हे विसरून ती वाटू नये.

आणि पुन्हा, हे सारे कोंबड्यांबद्दलच झाले. कोंबडीच्या स्वभावाची पहिली शास्त्रीय नोंद व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले, आणि ती झाली नॉर्वेत. थोर्लाइफ श्येल्देरुप-एब्बे हा १८९४ साली जन्मलेला मुलगा लहानपणापासून कोंबड्यांत रमे. प्रत्येक कोंबडीला तो ओळखत होता, आणि कोण कोणाला टोचते याची टिपणे त्याने वर्षानुवर्षे वहीत ठेवली. १९२१-२२ च्या सुमारास ती निबंधरूपाने जर्मनमध्ये प्रसिद्ध झाली. कळपातील कोणत्याही दोन कोंबड्यांत कोण वरचढ हे ठरलेले असते, आणि दोघींनाही ते पक्के ठाऊक असते. म्हणजेच प्रत्येक कोंबडी दुसरीला व्यक्ती म्हणून ओळखते. ही उतरंड नेहमी सरळ असतेच असे नाही. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी मात्र पहिलीला टोचून जाते, असे त्रिकोणही त्याला आढळले. आज माणसांच्या कचेऱ्यांना आणि राष्ट्रांच्या परिषदांना आपण जी 'टोचण्याची उतरंड' लावून पाहतो, तिचा उगम एका मुलाच्या परसातल्या वहीत आहे. राजे, सरदार, कवी आणि वैयाकरण यांना जे दिसले नाही ते त्याला दिसले, कारण त्याला कोंबड्यांकडून काहीच नको होते.

जानकीपुरमाची वसाहत उभी राहिली ती गोमतीच्या उत्तरेला, सीतापूर आणि कुर्सी या दोन रस्त्यांच्या मधल्या शेतांवर आणि खेड्यांवर. विद्यापीठाचे नवे आवार येथे आले. १९५१ साली छत्तर मंझिलच्या नवाबी महालात सुरू झालेली केंद्रीय औषधी संशोधन संस्था कालांतराने येथल्या विस्तारभागात हलली. तरीही एखाद्या मोकळ्या भूखंडाशेजारी, जुन्या वस्तीच्या कडेला, कोंबड्या चरताना दिसतात. आमच्या परसातही आम्ही चार बाळगल्या, आणि एब्बेच्या वहीतले बरेचसे आम्हांला तेथेच वाचावयास मिळाले.

तांबडी सर्वांत वरची. दाणे टाकले की ती प्रथम खाई, आणि इतरांनी उशिरा यावे अशी तिची अपेक्षा असे. करडी तिच्याहून अंगाने मोठी, पण भित्री. घार आभाळात ठिपक्याएवढी असतानाच ती मान तिरपी करून वर पाही, आणि तिच्या आवाजावर बाकीच्या तिघी तुळशीच्या कट्ट्याआड जात. उतरंडीत शेवटची होती ती कवडी. तिला सगळ्या टोचत. परंतु नवी वस्तू जवळ जाऊन पाहण्याचे धैर्य तिच्याइतके कोणालाच नव्हते. उलटी पडलेली बादली, वाळत घातलेली गोधडी, पाहुण्यांचे जोडे, यांची पहिली तपासणी तिची. पद आणि धैर्य या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असे नाही, हे आम्हांला तिने दाखवले. चौथी काळी, ती माणसाळलेली. संध्याकाळी खुराड्यात जाण्यापूर्वी ती पायाशी येऊन उभी राही आणि पाठीवर हात फिरवल्यावाचून आत जात नसे. हे प्रेम होते की सवय, याची चिकित्सा आम्ही केली नाही. माणसांच्या बाबतीतही ती फारशी करता येत नाही.

लळ्याचेही शास्त्र आहे. डग्लस स्पाल्डिंग या इंग्रजाने १८७३ साली दाखवून दिले की अंड्यातून निघालेले पिलू प्रारंभीच्या दिवसांत जे हलताना पाहील त्याच्या मागे चालू लागते, मग ती आई असो की माणसाचा पाय. चाणक्याच्या चार गोष्टींपैकी तिसरीलाही आधार मिळाला आहे. दाणा सापडला की कोंबडा तो चोचीत उचलून खाली टाकतो, विशिष्ट आवाज करतो, आणि कोंबड्यांना खाऊ घालतो. एव्हान्स आणि मार्लर यांच्या १९९३ सालच्या प्रयोगांवरून असेही दिसले की आभाळातल्या शत्रूसाठी त्याचा एक इशारा आहे आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरा, आणि कोंबड्या तो फरक जाणून वागतात. आमची करडी हेच रोज करीत असे.

काळी जेव्हा खुडूक झाली, तेव्हा आम्हांला तिचे निराळेच रूप दिसले. खाणे-पिणे विसरून, अंग फुगवून ती एकवीस दिवस अंड्यांवर बसली. आमचा हातही तिने जवळ येऊ दिला नाही. अखेरच्या दिवसांत ती हलक्या आवाजात काही बोले आणि कवचाच्या आतून उत्तर येई. पिले बाहेर आल्यावर सर्वांत खालची कवडी तर राहोच, तांबडीदेखील तिच्या वाटेला जाईना. मातृत्वाने उतरंड मोडली होती.

आता त्या अशोकाच्या ओळीकडे पुन्हा येऊ. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते, म्हणून अंड्यांच्या व्यापाराला ती नको असते. गेल्या शंभर वर्षांत निवड करून करून अशा जाती घडवल्या गेल्या की ज्या वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देतात आणि सहसा खुडूक होत नाहीत. उबवण्याचे काम यंत्र करते. पिलाला आई दिसतच नाही. अकालरावीची कथा ज्याला अपवाद मानते तो प्रकार आता नियम झाला आहे. तारेच्या पिंजऱ्यात पंखही पसरता येणार नाहीत इतक्या जागेत ठेवलेल्या कोंबडीला तांबडी, करडी किंवा कवडी होण्याची सोय उरत नाही. २०१७ साली भारताच्या विधी आयोगाने २६९ व्या अहवालात याच प्रश्नाचा विचार केला आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या निवाऱ्याविषयी नियम सुचवले. कोंबड्याची खच्ची करू नये म्हणणाऱ्या राजाने कोंबडीचे मातृत्व काढून घेण्याबद्दल काय म्हटले असते, हे सांगण्यास फार कल्पनाशक्ती नको.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. अंडे स्वस्त झाले म्हणून ते गरिबाच्या मुलाच्या ताटात आले. हे लहान पुण्य नव्हे. परसातले जगणेही नंदनवन नसते. मुंगूस, मांजर आणि घार यांचा तेथे वावर असतो. मानमोडी आली की गावेच्या गावे ओस पडतात. त्या रोगाला देशभर राणीखेत हे नाव पडले ते कुमाऊंतल्या त्या गावावरून, आणि आज त्यावर लस आहे म्हणून परसातली कोंबडी टिकून आहे. बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या रक्तातून 'निर्भीक' आणि कडकनाथच्या रक्तातून 'श्यामा' अशा अंगणात नांदणाऱ्या जाती सिद्ध केल्या. झुंजीसाठी जपलेले शौर्य आता मुंगसापासून पिले राखण्याच्या कामी यावे, ही असीलच्या कुळाला मिळालेली चांगली गती म्हणावी लागेल. २०१९ सालच्या पशुगणनेत देशातील सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी ३१ कोटी ७० लाखांवर पक्षी परसातले होते, आणि त्यांची संख्या मागील गणनेपेक्षा बरीच वाढलेली होती. म्हणजे ही जुनी सोबत संपलेली नाही.

ती मुख्यतः स्त्रियांनी टिकवली आहे. संध्याकाळी डालग्याखाली मोजून कोंबड्या झाकणारी, एक कमी भरली तर कोणती ते न पाहता सांगणारी, खुडूक कोंबडीला किती अंडी पेलतील हे अंगावरून ओळखणारी बाई कोकणातही आहे आणि सीतापूर रस्त्यावरच्या खेड्यातही. तिच्यासाठी कोणी झोफनी आला नाही, शरर यांच्या लेखमालेत तिला जागा मिळाली नाही, आणि तिच्या कोंबड्यांप्रमाणेच तीही कोशात नावावाचून राहिली. नवाबाचा उस्ताद जे जाणत होता त्याहून तिचे ज्ञान कमी नव्हते. गरज पडली की ती कोंबडी कापते, विकते, देवाला सोडते. परंतु कोणती कापावी हे ठरवताना तिला विचार करावा लागतो, आणि तो विचार करताना तिच्या तोंडून एक नाव निघते. पिंजऱ्याच्या मालकाला हा विचार कधीच करावा लागत नाही.

जानकीपुरमातील भूखंड आता भराभर बांधले जात आहेत आणि परसाची जागा मोटारीच्या छपराने घेतली आहे. अशा वेळी प्रत्येकाने कोंबड्या पाळाव्या असा उपदेश आम्ही करणार नाही. मात्र आपल्या घरातल्या वृद्ध स्त्रियांपाशी या पक्ष्यांच्या स्वभावांची, नावांची, हाका मारण्याच्या रीतींची जी स्मृती शिल्लक आहे, ती कोणीतरी वहीत उतरवून ठेवावी. पाणिनीपासून शरर यांच्यापर्यंतच्या मोठ्या लोकांनी कोंबड्याचे लिहून ठेवले. कोंबडीचे लिहिणे अजून बहुतेक सारे बाकी आहे.